गणपूर्ती

“ताई, तुम्ही तेवढं सभागृहातच थांबा,” आबा म्हणाले. “आम्ही पूजा उरकून, प्रसाद घेऊन येतोच.”

विधानभवनाच्या पायऱ्यांवर आम्ही उभे होतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन, त्यातला शुक्रवार. दुपारनंतर आमदार गावाकडे पळतात, त्यामुळे बाहेरच्या गाड्यांमध्ये बॅगा आधीच भरून ठेवलेल्या होत्या. आबांच्या मागे आमच्या गटाची मंडळी उभी होती. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात केळ्यांचा घड, आणि बहुतेकांच्या शेजारी त्यांच्या त्यांच्या बायका, काठपदरी साड्या नेसून आलेल्या.

“आता तुम्हाला काय सांगायचं,” आबा आवाज खाली आणून म्हणाले, “सत्यनारायण आहे, जोडीजोडीनं बसायचं असतंय. तुम्हाला उगीच अवघडल्यासारखं व्हायचं.”

“खरंय आबा,” मी म्हणाले. “मी इथं आहे. तुम्ही निश्चिंत जा.”

आणि हे मी मनापासून म्हणाले होते. प्रसादाच्या शिऱ्यासाठी गावाहून साजूक तुपाचा डबा मीच आणला होता. तो आदल्या दिवशीच आबांच्या बंगल्यावर पोचवला होता.

आबा म्हणजे आबासाहेब शितोळे. पाच वेळा निवडून आलेले, अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. पक्ष आमचा सत्तेत होता, पण बहुमत काठावरचं, आणि त्या काठावर आबांचे वीस-बावीस आमदार पाय सोडून बसलेले. गटाचं कागदावरचं नाव ‘परंपरा मंच’. कँटीनमध्ये मात्र सगळे ‘सोवळा गट’ म्हणायचे, अगदी वाढपीसुद्धा. घर, देव्हारा आणि लग्नकार्य यांत सरकारने पाय घालायचा नाही, एवढं एकच आमचं म्हणणं. त्यापायी आम्ही दोन विधेयकं समितीच्या थंड कोठारात पाठवली होती आणि एका मंत्र्याला भर सभागृहात शब्द मागे घ्यायला लावला होता. मुख्यमंत्री आम्हाला चहाला बोलवायचे, आणि आम्ही तो चहा रांगेत न थांबता प्यायचो. मला ते सगळं आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

मी हेमलता काटकर. पहिल्यांदाच आमदार झालेली, तीही पोटनिवडणुकीत. माझे यजमान विश्वासराव आमदार असतानाच गेले. तेराव्याला मांडव भरलेला होता आणि माझे धाकटे दीर प्रतापभाऊजी दारात उभे राहून प्रत्येक पुढाऱ्याला हात जोडत होते. दुखवटा कमी आणि प्रचार जास्त चालला होता. तेवढ्यात आबा आले, सतरंजीवर बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “विश्वासरावांची जागा आता वहिनीसाहेब चालवतील.” भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. मला दहावीनंतर शाळेची पायरी ठाऊक नव्हती, भाषणाचं तर नावच नको. आबांनी मला उभं राहायला शिकवलं, माईक धरायला शिकवलं, विधानभवनातला कोणता जिना कुठे जातो तेसुद्धा दाखवलं. भाऊजी अजून टपूनच बसले होते. आबांचा हात डोक्यावरून निघाला की माझी आमदारकी गेलीच, हे मला आणि भाऊजींना सारखंच माहीत होतं.

त्या शुक्रवारी जो अशासकीय, म्हणजे सरकारचा नसून आमदाराने स्वतः मांडलेला, ठराव येणार होता तो अनसूया ढोमणे यांचा. विरोधी पक्षातल्या, चंद्रपूरकडच्या, पूर्वी शिक्षिका होत्या. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, तिला शुभकार्यापासून लांब ठेवायचं, या प्रथा बंद करणारा कायदा शासनाने करावा, असा ठराव. सरकारची गत धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली होती. विरोध करावा तर बायकांची मतं जातात, पाठिंबा द्यावा तर सोवळा गट रुसतो. मग मंत्र्यांनी ठरवलं की सभागृह ठरवेल ते मान्य, आणि पक्षादेश काढायचा नाही. पाडायचं काम आमच्यावर सोपवून सरकार मोकळं झालं.

आबांचा बेत साधा होता. ठराव चौथ्या क्रमांकावर होता. त्याच्या आधीच्या तिन्ही ठरावांवर बोलणारे एकेक जण बोलू लागले की आवरत नाहीत अशी ख्याती. ढोमणेबाईंचा नंबर लागायला संध्याकाळ होणार. तोपर्यंत पूजा आटपून गट सभागृहात हजर राहणार, आणि मी उठून ठरावाच्या विरोधात बोलणार.

“बाईनं बोलायचं,” आबा आठवडाभर सांगत होते, “आणि त्यातही तुमच्यासारख्या बाईनं. तुम्ही म्हणालात, मला असला कायदा नको, की विषय तिथंच संपला बघा.”

भाषण मी तोंडपाठ केलं होतं. त्यातलं बरंच मला पटतही होतं. विश्वासराव गेले त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी माझ्या बांगड्या फोडल्या नव्हत्या. साबणाच्या पाण्याने हात भिजवून एकेक सोडवली होती, आणि सोडवताना माझ्यापेक्षा जास्त त्याच रडल्या होत्या. असल्या बाईला कायद्याने शिक्षा करायची? आमचं आम्ही बघून घेऊ, मध्ये सरकार कशाला, हेच माझं भाषण होतं.

आणि चुकून नंबर आधी आलाच, तर त्यावरही आबांकडे तोड होती.

“बाकी काही करायचं नाही. उभं राहायचं आणि म्हणायचं, अध्यक्ष महोदय, गणपूर्ती नाही. बास.”

सभागृह चालायला दहावा हिस्सा आमदार आत असावे लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. शुक्रवारी दुपारी तेवढे कधीच नसतात. पण कुणी बोट दाखवत नाही तोवर ती आहे असंच सगळे धरून चालतात. एकाने जरी उठून म्हटलं की मोजदाद होते, घंटा वाजते, आणि तरी माणसं जमली नाहीत तर कामकाज बंद. अधिवेशनाचं सूप त्याच दिवशी वाजणार होतं. ठराव मग पुढच्या अधिवेशनात, म्हणजे कधीच नाही.

गाड्या निघून गेल्या आणि मी आत जाऊन बसले. बसले म्हणजे टेकले नुसती. मला करमेना. भाषण आठवू लागले तर तिसऱ्या वाक्यावर अडायला झालं. पाणी प्यायले, दुसऱ्यांदा प्यायले. बाक सोडून दारापर्यंत गेले, परत आले. माझ्या शेजारच्या बाकावरचे साताऱ्याचे आमदार पेंगत होते, त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, “ताई, कुणाची वाट बघताय का?”

“कुणाची नाही,” मी म्हणाले आणि पुन्हा उठले.

तेवढ्यात पहिला ठराव पुकारला गेला. धरणग्रस्तांचा. मांडणारे गृहस्थ जागेवर नव्हते. अध्यक्षांच्या खुर्चीवर त्या दिवशी, ते नसताना काम चालवणाऱ्या तालिकेवरचे एक सदस्य बसले होते, त्यांनी चष्म्यावरून दोनदा नाव घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, “त्यांचं विमान उडालं साहेब.” हशा झाला आणि पहिला ठराव गळाला.

दुसरा महाविद्यालयाचा. मंत्र्यांनी उठून सांगितलं की मागणीचा सहानुभूतीने विचार करू. एवढ्यावर मांडणाऱ्याने खुशाल ठराव मागे घेतला. एरवी हाच माणूस तासभर बोलतो. त्यालाही गाडी गाठायची असणार.

तिसरे होते ते बोलायला उठले खरे, पण घसा बसलेला. हातवारे करून त्यांनी दाखवलं की आवाज नाही, लेखी निवेदन घ्या. मी धावतच बाहेर आले आणि लॉबीतून आबांना फोन लावला.

फोन उचलला त्यांच्या स्वीय सहायकाने, दिनकरने. मागे गुरुजींचा आवाज चालू होता.

“दिनकर, आबांना दे. लवकर.”

“ताई, कथा चालू आहे हो. चौथा अध्याय.”

“अरे चौथा नंबर लागला इथं! तिघं संपले. आबांना सांग, सगळ्यांना घेऊन निघा.”

तो कुजबुजत आत गेला असावा, थोडा वेळ नुसते मंत्रच ऐकू आले. मग परत आला.

“आबा म्हणाले, आता कथेतनं उठता येत नाही. प्रसाद टाकून उठली तिच्या नवऱ्याचं जहाज बुडलं, ते आत्ताच वाचून झालंय. कोण उठणार? आबा म्हणाले, हेमाताई आहेत तिथं, मग काय काळजी नाही. गणपूर्ती काढा म्हणाले.”

“पण इतका उशीर का? मघाशीच सुरू व्हायची होती ना पूजा?”

“काय सांगू ताई, सगळा घोळच झाला,” दिनकर हौसेने सांगू लागला. “आबा आणि काकी पाटावर बसणार, तेवढ्यात गावाकडनं फोन. आबांच्या पुतण्याला मुलगा झाला. मग सोयर आलं ना! आबा कसले बसतात पूजेला? व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेत, तिथनंच ऐकतायत. मग दुसरं कोण बसणार, तर बघतो तर काय, सगळ्यांनी सकाळी कँटीनमध्ये सांभारवडी हाणलेली. उपाशी कोणीच नाही.”

“मग?”

“मग नाना टेकवडे बसले. त्यांचा उपास होता.”

नाना टेकवडे आमच्याच गटातले. भला माणूस, कधी कुणाला दुखवायचे नाहीत. पायऱ्यांवर त्यांना त्या घोळक्यात मी पाहिलंसुद्धा होतं, हातात फुलांची पुडी होती. तेव्हा मनात काहीच आलं नव्हतं.

“नाना?” मी म्हणाले. “अरे, नाना एकटे आहेत. त्यांच्या मंडळींना जाऊन किती वर्षं झाली.”

“हो ना. पण गुरुजी म्हणाले, कमरेला सुपारी खोचा, चालतंय. बायकोच्या जागी सुपारी. शास्त्रात सोय आहे म्हणाले. झकास बसलेत बघा नाना, पितांबर नेसून. आणि ताई, तुमचं तूप एक नंबर आहे हं. सगळा बंगला घमघमतोय.”

मी फोन ठेवला.

लॉबीत एक लांबलचक आरसा आहे. आमदार आत जाण्यापूर्वी त्यात टोपी-जाकीट सारखं करतात. मी आरशात बघितलं नाही, पण तिथेच उभी राहिले. दारावरचा शिपाई म्हणाला, “बाईसाहेब, बरं वाटतंय ना?” मी मान हलवली आणि आत गेले.

ढोमणेबाई बोलायला उभ्या राहिल्या होत्या. समोर रिकामी बाकं. मोजून बोटावर यावीत एवढीच माणसं, त्यातली निम्मी पेंगणारी. वार्ताहरांच्या गॅलरीतही एकच जण होता आणि तो खाली मान घालून काहीतरी खात होता. बाई कागद बघून आकडे वाचत होत्या. अमुक साली अमुक जिल्ह्यात इतक्या स्त्रिया. अगदी शाळेतल्या बाईंसारखं एका सुरात. कुणाचं हृदय हेलावावं असं त्यात काही नव्हतं, आणि माझंही हेलावलं नाही. मी खरं तर ऐकतच नव्हते.

माझ्या डोळ्यांपुढे नाना होते. पितांबर नेसून चौरंगापुढे बसलेले. त्यांची बायको गेली तेव्हा त्यांच्या हातातलं काय काढलं गेलं होतं? घड्याळसुद्धा नाही. चौदाव्या दिवशी ते जिल्हा बँकेच्या सभेला अध्यक्ष म्हणून बसले होते, फोटो आला होता पेपरात. त्यांच्यासाठी शास्त्रात सोय होती. दोन पैशांची सुपारी कमरेला खोचली की झालं. माझ्यासाठी कुणी सुपारीही शोधली नव्हती. शोधावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि सगळ्यात लागलं ते हे, की माझ्याही मनात आलं नव्हतं. मी तूप देऊन, मान डोलवून, राखणीला उभी राहिले होते.

फार मोठा काही विचार मी केला असं म्हणणार नाही. पुढे काही बायका मला भाषणाला बोलवू लागल्या, तिथे माझी ओळख करून देताना म्हणायच्या की त्या क्षणी ताईंना स्त्रीजातीचं दुःख दिसलं. मला काही तसलं दिसलं नाही. मला राग आला होता. साधा घरगुती राग, घरात सगळ्यांना जेवायला हाक मारून आपल्यालाच विसरल्यावर येतो तसला.

“…म्हणून मी हा ठराव सभागृहापुढे ठेवते जी,” ढोमणेबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. आमचा बेत त्यांनाही ठाऊक होता. साऱ्या विधानभवनाला ठाऊक होता.

राज्यमंत्री उठले. शासनाची या विषयावर आग्रही भूमिका नाही, सभागृहाची जी भावना असेल तिचा आदर केला जाईल, एवढं बोलून बसले. बसता बसता त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, उठा आता.

“आणखी कोणाला बोलायचं आहे का?” तालिका अध्यक्षांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाकाची कड धरून बसले होते.

“श्रीमती काटकर, आपलं नाव आहे माझ्याकडे.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पेंगणारे साताऱ्याचे आमदारही जागे झाले आणि मला हळूच म्हणाले, “उठा की ताई. गणपूर्ती म्हणा, सुटलो आपण. माझीपण गाडी आहे.”

माझे पाय उठायला निघाले होते. तीन वर्षांत पायांना सवयच तशी लागली होती, आबांनी म्हटलं की उठायचं. दोन शब्दांचं काम होतं. म्हटले असते तर घंटा वाजली असती, आबा खूष झाले असते, पुढच्या खेपेचं तिकीट घरी चालत आलं असतं आणि भाऊजी हात चोळत बसले असते. नाही म्हटले तर काय होणार, तेही मला लख्ख दिसत होतं. सासूबाई, घर, तालुक्यातली माणसं, ज्यांना मी कामाचे शब्द दिले होते ते सगळे.

“मला बोलायचं नाही,” मी बसूनच म्हणाले.

राज्यमंत्र्यांनी पुन्हा मागे वळून पाहिलं. आता भुवया जागेवर नव्हत्या. त्यांनी हात बाकाखाली घेऊन बोटं वर-खाली केली, उठा, उठा. मी त्यांच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

तालिका अध्यक्षांनी घसा साफ केला, कागद खालीवर केले, उगाच पाणी प्यायले. ते माझ्यासाठी थांबले होते, मला कळत होतं. शेवटी त्यांचाही इलाज राहिला नाही.

“ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे.”

ढोमणेबाईंचा आवाज आला, आणखी तीन-चार बायकांचा, मागच्या बाकावरून एका पुरुषाचा.

“विरोधात असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे.”

अळीमिळी गुपचिळी. राज्यमंत्री ‘नाही’ म्हणू शकत नव्हते, साताऱ्याच्या आमदारांना गाडी गाठायची होती, आणि मी तोंड उघडलं नाही.

“ठराव संमत झाला,” तालिका अध्यक्ष म्हणाले. त्यांचा स्वतःचाच आपल्या शब्दांवर विश्वास बसलेला दिसला नाही.

अशासकीय ठराव संमत होणं ही त्या सभागृहात इतकी दुर्मिळ गोष्ट, की गॅलरीतला तो वार्ताहर खाणं टाकून पळतच खाली गेला. ढोमणेबाई तशाच उभ्या. हरायची तयारी करून आलेल्या माणसाला जिंकल्यावर काय करायचं ते सुचत नाही, तसं त्यांचं झालं. मग त्या माझ्या बाकाशी आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

“काय म्हणू जी ताई तुम्हाला? तुमचे लय उपकार झाले.”

मी हात सोडवून घेतला. “माझे आभार मानू नका, बाई. मी तुमच्यासाठी काही केलं नाही.”

त्यांना तो विनय वाटला. त्या डोळे पुसत निघून गेल्या.

आमचा गट आला तेव्हा सभागृहाचं सूप वाजून आमदार पांगले होते. बैल गेला अन् झोपा केला, तसली ती वरात. बाहेरच वार्ताहरांनी त्यांना गाठून ठराव संमत झाल्याचं सांगितलं होतं. लॉबीत एकच गलका. “असं कसं झालं?”, “काटकरबाई कुठं होत्या?”, “मुद्दाम केलं, मुद्दाम!” कुणी म्हणालं, विरोधकांनी फोडली. सगळे माझ्याभोवती, आणि माझ्याशी मात्र कुणीच बोलेना. त्या गर्दीतून नाना टेकवडे पुढे आले. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. हातात शिऱ्याचा द्रोण.

“आधी प्रसाद घ्या ताई,” ते म्हणाले. “बाकीचं मग बघू.”

त्या माणसावर मला रागावता येईना. मी द्रोण घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या शिरा खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आबा शेवटी आले. त्यांनी हात वर केला आणि गलका थांबला. “सगळे गाडीत बसा,” ते म्हणाले. सगळे गेले. दाराशी शिपाई होता, त्यालाही त्यांनी खुणेने बाहेर पाठवलं. मग ते सोफ्यावर बसले आणि मला समोर बसायला सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते ओरडले नाहीत.

“तब्येत बरी नव्हती ना?” ते म्हणाले.

मी हातातला रिकामा द्रोण खाली ठेवला.

“चक्कर आली असं सांगू. बीपी खाली गेलं. सकाळपासनं तुमच्या पोटात काही नव्हतं, दिनकरही सांगेल. मुख्यमंत्र्यांना मी बघतो, गटाला मी बघतो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. तेराव्याला सतरंजीवर बसलेले आबा तेच होते, आणि हेही तेच. मला रडू यायला लागलं. हो म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. पुढच्या निवडणुकीत तिकीट प्रतापभाऊजींना गेलं, ते पडले, मग ती जागा कायमची दुसऱ्यांकडे गेली, हे सगळं तालुक्याला माहीत आहे आणि त्याचं खापर आजही माझ्या डोक्यावर फुटतं. पण त्या सोफ्यावर काय बोलणं झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आबा आता नाहीत, म्हणून सांगते.

“चक्कर आली नव्हती, आबा,” मी म्हणाले. “मी धडधाकट होते.”

“मग? ढोमणेबाईनं काही डोक्यात भरवलं?”

“नाही.”

“कायदा पाहिजे झाला तुम्हाला?”

“कायद्याचं मला अजून कळत नाही.”

“मग झालं काय, बाई?” ते पुढे वाकले. “माझं काही चुकलं असंल तर तोंडावर सांगा. लेकीसारखी मानली तुम्हाला.”

“तुम्ही नानांना बोलावलंत,” मी म्हणाले.

“नानांना?” त्यांना आधी कळलंच नाही. “आता नाना आपल्या गटातले, त्यांना नाही बोलवायचं तर…”

“मीपण गटातलीच आहे.”

“अहो, पण नाना म्हणजे…” ते बोलू लागले आणि थांबले. पुढचा शब्द काय आहे तो त्यांच्या जिभेवर आला असणार, आणि माझ्यासमोर तो बाहेर काढणं त्यांना जमलं नाही. पाच वेळा निवडून आलेला माणूस, ज्याला सभागृहात कुणी शब्दात पकडू शकलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी सारखी करू लागले.

बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजू लागले होते. कुणीतरी दार ढकलून आत डोकावलं आणि आबांचा चेहरा बघून परत गेलं.

“हेमाताई,” ते वर न बघता म्हणाले, “खरं सांगाल?”

“सांगेन.”

“दुपारी पायरीवर मी तुम्हाला म्हटलं असतं, चला पूजेला, कोण काय म्हणतं ते मी बघतो. आणि तिथनं परत येऊन तुम्ही बाकावर बसला असता. तर उठला असता?”

“उठले असते आबा,” मी म्हणाले. “पळत येऊन उठले असते. गणपूर्ती काय, सभागृह बंद पाडलं असतं तुमच्यासाठी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, की मलाच तसे दिसले, कुणास ठाऊक.

“एवढंच पाहिजे होतं होय?”

“एवढंच, आबा.”